झेंडे पांढऱ्या पिशवीत

सत्तावीस फेब्रुवारी, पहाटेचे चार.
गल्फ रोडच्या एका बाजूला समुद्र,
दुसऱ्या बाजूला दोन दिवसांचा सण
निपचित पडलेला:
फेसाचे रिकामे डबे, फुटके फुगे, पिचकाऱ्या,
आणि लहान मुलाची एका पायातली चप्पल.
हात लागला की टाचेत लाल दिवा लागतो.

उस्ताद रम्झी अस्यूतचा, घसा कायम बसलेला.
हजेरी घेता घेता दरवर्षीचंच सांगतो:
कचरा काळ्या पिशवीत,
झेंडे पांढऱ्या पिशवीत.
झेंड्याला झाडू लावायचा नाही.
हातानं उचलायचा.

उचलतो.
कमरेला पट्टा आवळून, एकेक.
प्लास्टिकच्या काडीवर डकवलेले, वीतभर,
हिरवा, पांढरा, लाल, काडीकडे काळा.
काहींवरून गाड्या गेल्यात.
टायरची नक्षी पांढऱ्यावर ठळक उठते,
काळ्यावर दिसतच नाही.

देवरुखच्या शाळेत तांबटमामा शिपाई
सोळा ऑगस्टला असेच वाकायचे.
चिखलातले कागदी तिरंगे वेचून
नकाशांच्या कपाटावर नीट रचायचे,
आम्ही पोरं मागून त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो.
पंधरा तारखेला ते ओळीत कधी दिसले नाहीत.
आत लिमलेटच्या गोळ्या मोजत असायचे,
डोई दोन.

आमच्या टोळीत मोनिरुज्जमान कुमिल्ल्याचा,
सोळा डिसेंबरला खोलीतल्या सगळ्यांना खिचडी घालतो,
हट्टानं, उधारीवर.
टेकबहादूर पाल्प्याचा. त्याच्या झेंड्याला
दोन टोकं आहेत, हे तो नव्या माणसाला
पहिल्याच दिवशी सांगतो.
सेल्वरासा फक्त गावाचं नाव सांगतो.
देशाचं विचारलं की
थर्मासमधला चहा ओततो.
मॅचच्या रात्री आम्ही एकमेकांशी बोलत नाही.
सकाळी एकाच बसमध्ये
एकमेकांच्या खांद्यावर झोपतो.

गाडी मुतलक चालवतो.
जन्म इथला, बापाचा जन्म इथला,
अरबी इथली, अरबीतल्या शिव्याही इथल्या.
कागद नाही.
अशा माणसाला इथे बिदून म्हणतात.
बिदून म्हणजे विना.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
आपल्याकडेही लावतात की हे शब्दाला:
बिनपगारी, बिनभाड्याचा, बिनबुडाचा.
पण आपल्या 'बिन'पुढे काहीतरी असतं.
इथे शब्द तिथंच थांबतो,
स्टॉप नसलेल्या ठिकाणी बस थांबावी तसा.

मुतलक दरवर्षी एक झेंडा निवडतो,
सगळ्यात मळका.
बाहीनं पुसतो, तोंडची वाफ देऊन पुन्हा पुसतो,
आणि केबिनमध्ये आरशामागे खोचतो.
आता अकरा झालेत.
आरशात मागचं काही दिसत नाही, तर
मान बाहेर काढून गाडी रिव्हर्स घेतो.

एकदा मी विचारलं. विचारायला नको होतं.
म्हटलं, हा देश तुला साधा कागद देत नाही,
मग हे कशाला?
त्यानं सिगरेट विझवली, थोटूक खिशात टाकलं.
रस्त्यावर टाकत नाही तो कधीच.
म्हणाला, तुझ्याकडे पासपोर्ट आहे.
मग तू तुझ्या देशात का नाहीस?

मी वाकलो.
पुढ्यात झेंडे होतेच.

साडेपाचला आभाळ राखाडी झालं.
पांढऱ्या पिशव्या भरल्या, तोंडं बांधली.
त्या पुढे कुठे जातात,
बावीस वर्षांत मला कळलेलं नाही.
रम्झीलाही नाही. तो फक्त मोजतो.
एका पिशवीत फिलिपिन्सचा एक निघाला,
इथल्या झेंड्याला केसांच्या रबरानं बांधलेला.
रम्झीनं दोन्ही उलटसुलट पाहिले,
रबर सोडवायला नख घातलं,
मग तसंच राहू दिलं
आणि वहीत एकच आकडा लिहिला.

चप्पल कुठल्याच पिशवीत बसत नव्हती.
कठड्यावर ठेवली,
रस्त्याकडे तोंड करून,
कुणी शोधत आलं तर.
बस सुटली तेव्हा वाऱ्यानं ती जराशी हलली असावी:
लाल, मग काही नाही,
मग पुन्हा लाल.